लाल फडकं

११ फेब्रुवारी, बुधवार

लिही. तारीख घातलीस? मग आता मी म्हणते ते जसंच्या तसं. गाळायचं नाही, सुधारायचं नाही, आणि मध्येच ‘आजी, हे बरं दिसत नाही’ म्हणायचं नाही. मला अक्षर येत नाही, पण ओळ किती लांब झाली ते दिसतं. मी लांब बोलले आणि तू आखूड लिहिलंस तर पकडेन!

लिहिणारी माझी नात. मी तिला टोचणी म्हणते, सुया टोचते म्हणून. प्रसूतिगृहात नर्स आहे, बाळंतपणं करते. कालपासून घरी बसवलीय. चौकशी होईपर्यंत यायचं नाही म्हणे. सकाळपासून तिनं तीनदा केर काढला. या दोन खोल्यांत एवढा केर कुठून आला? तिसऱ्यांदा ती माझ्या पायाखालून झाडू काढायला लागली तेव्हा म्हटलं, हात चालवायचाच असेल तर माझं लिही.

वही तिच्याच कामावरची. जुनं रजिस्टर, कॉम्प्युटर आल्यावर रद्दीत निघालेलं. प्रत्येक पानाला शेवटी एक रुंद रकाना आहे, मोकळा. हा कशाचा म्हणून विचारलं. “शेऱ्याचा. काही वेगळं वाटलं तर लिहायला.”

“आणि कॉम्प्युटरात?”

“तिथं यादी आहे.”

एवढं बोलून परत झाडू उचलला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज थोडं थोडं काढून घेतलं तिच्याकडून. अडलेलं बाळ ओढावं तसं. घाई केली की आत सरकतं.

ती यादी म्हणजे अशी. डॉक्टर रोगाचं नाव ठेवतो. नर्सनं बाईची अवस्था काय आहे त्याचं नाव ठेवायचं. पण आपल्या मनचं नाव नाही, यादीतलंच. प्रत्येकाला नंबर. ‘तीव्र वेदना’. ‘स्तनपानात अडथळा’. ‘झोपेत खंड’. ‘ज्ञानाचा अभाव’. मी म्हटलं, हे शेवटचं माझ्या खाटेला कायमचं लावून टाक. हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग आम्ही घरादाराला नावं लावली. सूनबाईला ‘चिंता’ आणि ‘झोपेत खंड’ — तिच्या बहिणीचा फोन आला की माझ्याही झोपेत खंड. मला ‘पडण्याचा धोका’. दोनदाला काय लावावं ते सापडेना.

दोनदा म्हणजे माझी जोडीदारीण. पलीकडच्या गल्लीत राहते. रोज दुपारी दोनच्या ठोक्याला येते, चहा घेते, जाते. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते म्हणून दोनदा. “साखर घातलीस? नक्की घातलीस?” “दार लावलं? बघ, लावलंय ना?” चष्मा पुसून पुसून त्याची काच झिजली. मी म्हणते, अगं, दिसतंय ते दिसतंय! तर म्हणते, “दिसण्याचं काय खरं?”

ही खोड तिला कधी लागली, देव जाणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं सांगितलं टोचणीनं. लिहिताना तिची ओळ खाली घसरत चाललीय. लिही तसंच. वाकडं आलं तरी चालेल, मला कुठं कळणार!

बाळंतीण बसमध्ये कंडक्टर आहे. पहिलटकरीण, पण तोंडाळ. कळा चालू असताना कामावरच्या आयांना म्हणे, “पुढे सरका, मागची जागा मोकळी आहे!” सोमवारी दुपारी बाराला सुटली. मुलगी झाली. रक्त बेताचंच गेलं. नाडी जराशी जलद, पण बाळंतपणानंतर असतेच. दीड वाजता टोचणी तिच्याजवळ गेली, तर ती टोचणीचा हात धरून म्हणाली, “ताई, माझा स्टॉप आला वाटतं.”

टोचणीला वाटलं थट्टा करतेय. हसली. तर ती परत म्हणाली, “खरंच. उतरायची वेळ झाली.”

टोचणीनं लगेच चादर बाजूला केली. कपडे पाहिले — डाग साधाच. पोट दाबून पाहिलं — गर्भाशय कडक, हवं तसं. तरी कॉम्प्युटरात तिनं ‘रक्तस्रावाचा धोका’ उघडलं. त्यानं विचारलं, कशावरून? खाली लक्षणांचे चौकोन, खूण करायला. दोन तरी भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. तिच्याकडे भरायला एकही नव्हता. ‘माझा स्टॉप आला’ याला चौकोन नाही. मग तिनं ते बंद केलं. ‘चिंता’ उघडलं. तिथले चौकोन पटापट भरले — अस्वस्थ आहे, भीती बोलून दाखवते, हात सोडत नाही. पूर्ण झालं. दोन वाजता पाळी बदलली.

पुढच्या पाळीला नवी नर्स. लागून सहा महिने झालेत. तिनं वाचलं ‘चिंता’, आणि चिंतेला जे करायचं ते सगळं मनापासून केलं. जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, गरम चहा दिला.

साडेतीनला कंडक्टरीण पांढरी पडली. आत कुठंतरी शीर तुटलेली, आतल्या आत साचत होतं. बाहेर थेंब नाही! ऑपरेशन केलं, सहा बाटल्या रक्त चढवलं. अजून शुद्ध धड नाही.

बाळंतीण जातेय म्हणाली की ती जात असते. ही गोष्ट मी टोचणीला पाळण्यात असताना सांगायला हवी होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कंडक्टरीण आहे तशीच. आज घरात कुणी नीट जेवलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

मेट्रनबाई आल्या होत्या, टोचणीच्या वरच्या. साध्या कपड्यांत. चप्पल बाहेर काढली, आवाजही बाहेरच ठेवला. आत आल्या त्या कुजबुजतच. मला बहिरी समजल्या की काय कोण जाणे. म्हातारीचा एवढाच फायदा — लोक तिच्यासमोर काहीही बोलतात.

म्हणाल्या, शुक्रवारी चौकशी आहे. लेखी खुलासा आण. पण त्याआधी कॉम्प्युटरात एक ओळ वाढवता येते. मागाहून नोंद म्हणतात. वेळ आपणच घालायची असते. ‘दीड वाजता — रक्तस्रावाचा धोका.’ “तुला वाटलं होतंच ना? तू उघडलंही होतंस. मग वाटलं ते लिहिण्यात खोटं काय?”

टोचणी म्हणाली, “मग नवीनं ती ओळ वाचली नाही असं होईल.”

मेट्रनबाईंनी पदराशी चाळा केला. “ती नवी आहे. सांभाळून घेतील तिला. तुझी बारा वर्षं झालीत.”

त्या गेल्यावर टोचणी माझ्याकडे बघत राहिली. आणि मी म्हटलं, “लिहून टाक की! एक ओळ. कोण बघतंय?”

पटकन आलं तोंडातून. फारच पटकन. इतक्या वर्षांनी जिभेला वाट बरोबर सापडली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टोचणीला वाटतंय, आजीला ती यादी आवडत नाही. तसं नाही. लिही हे. यादी आमच्याकडेही होती.

मी तिच्याच प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया होते. मी आणि दोनदा एकाच दिवशी लागलो. तेव्हा खाटेच्या पायथ्याशी कागद टांगलेला असायचा. आम्हा आयांना तो कागद असला काय, नसला काय. रात्रंदिवस बाळंतिणीजवळ आम्ही, आणि तिचं काय चाललंय ते मात्र कागदाला माहीत! एकदा बाळ दगावलेल्या बाईला एका आयानं विचारलं, “मुलगा की मुलगी?” त्या बाईनं तोंड भिंतीकडे केलं ते घरी जाईपर्यंत.

त्या दिवशी मी आणि दोनदानं फाटकी चादर घेतली, चार तुकडे केले. एक तसाच ठेवला, तीन रंगवले. लाल फडकं — रक्तावर नजर ठेवा. पिवळं — ताप आहे. निळं — लघवी झाली नाही. पांढरं — बाळ नाही, काही विचारू नका. खाटेच्या दांड्याला बांधायचं. लांबून दिसायचं. महिनाभरात नर्ससुद्धा कागद सोडून आमची फडकी बघायला लागल्या. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, “ही चिंध्यांची शाळा कुणी काढली?” दोनदा म्हणाली, “आम्ही दोघींनी. नाव घालायचंय? प्रवेश आजच चालू आहेत.” अशी होती तेव्हा ती! वीज!

सगळ्यांनी एकाच गोष्टीला एकच म्हणावं, यात वाईट काही नाही. फडकं बांधलेलं असलं की सुखानं घरी जाता यायचं.

बांधलेलं असलं की.

पुरे आजचं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवी आली होती. मी दारातच तिला पाहिलं — जेवलेली नाही, दोन वेण्यांतली एक सुटलेली. टोचणीसमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

“ताई, मी तिला चहा दिला हो. फुंकून फुंकून दिला. वर ‘चिंता’ होतं म्हणून मी चहा दिला.”

टोचणीनं तिच्यापुढे पाणी ठेवलं.

“तुम्ही सांगाल ना शुक्रवारी? की वर चिंताच होतं?”

टोचणीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. खिडकीकडे बघत राहिली. नवी दोन मिनिटं थांबली, मग मलाच वाकून नमस्कार करून गेली. तोवर दोनदा आलीच. जिन्यात दिसली असेल तिला ती. “रडत होती ना ती पोर? रडतच होती ना?”

मी म्हटलं, “हो गं बाई, हो.”

टोचणीचं ते खिडकीकडे वळलेलं तोंड. ते मी पूर्वी पाहिलंय. आरशात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दार लाव. सूनबाई बाजारात गेलीय तोवर होऊ दे. आणि पेन खाली ठेवायचं नाही, मी काही म्हटलं तरी.

तुझा बाप शाळेत जायला लागला होता त्या वर्षीची गोष्ट. सकाळपाळी माझी, दुपारची दोनदाची. त्या सकाळी सात बाळं झाली. चौथ्या खाटेवर शिंप्याची बायको. दीडच्या सुमाराला मला म्हणाली, “मावशी, पाय गार पडलेत. मला जरा धरून ठेवा.” मी पाय चोळले. लाल फडकं माझ्या कमरेला खोचलेलं होतं. बांधायचं मनात आलं. तेवढ्यात पलीकडून हाक आली — बाळ न्हाऊ घालायचंय. म्हटलं, एवढं न्हाऊ घालते आणि बांधते. मग दुसरं बाळ. मग तिसरं. दोन वाजले. दोनदा आली, मी तिला हसून म्हटलं, सगळं ठीक आहे. आणि कपडे बदलायला गेले. तिथं बायकांच्या गप्पांत रमले.

तासाभरानं आरडाओरडा झाला. धावत गेले. चौथी खाट. चादर उचलली तर — ते नको लिहू. दोनदा तिच्या उशाशी होती, पाठमोरी, हाका मारत होती. डॉक्टर जिन्यात होते. पावलं ऐकू येत होती मला.

मी कमरेचं फडकं काढलं आणि दांड्याला बांधलं.

दोन गाठी मारल्या. नीट बांधतो तशा.

शिंप्याची बायको गेली. मोठे डॉक्टर दोनदाला म्हणाले, “लाल फडकं समोर असताना तुला दिसलं नाही?” दोनदानं फडक्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. मग परत फडक्याकडे. एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. खिडकीबाहेर बघत राहिले.

आठवड्यात तिला काढलं. पुढे धुलाईच्या दुकानात लागली, इस्त्री करायची. मी अजून एकोणीस वर्षं त्याच खाटांमधून फिरले. मी काम सोडलं त्या महिन्यात ती पहिल्यांदा माझ्या दारात आली. दुपारी दोनला. म्हणाली, “चहा कर.” तेव्हापासून येते.

मी मनाशी काय धरलं होतं माहितेय? तिला ठाऊक आहे. खाटेपाशी ती आधी आली होती, फडकं नव्हतं हे तिनं पाहिलेलंच. मला वाचवायला ती गप्प बसली आणि मला माफ करून मोकळी झाली. म्हणूनच येते. झाकली मूठ आहे, दोघींनी मिळून झाकलेली. असं म्हणून मी इतकी वर्षं जेवले, झोपले, नातवंडं खेळवली.

टोचणी आता विचारतेय — “तिला विचारलंस कधी?”

नाही.

लिही. ‘नाही’ लिही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टोचणी वही घेऊन बसली, पण माझ्याशी बोलत नाही. चहा दिला, तोही लांबून सरकवून.

कंडक्टरीण शुद्धीवर आली, एवढं मात्र सांगितलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नऊला गेली, चारला आली. मी तोवर अकरा वेळा दारात जाऊन आले. ‘पडण्याचा धोका’ असूनही!

खुलासा तिनं रात्री स्वतःच लिहिला होता. तिथं वाचून दाखवला. मला घरी परत वाचला. त्यातलं एवढं लिहून ठेव — “दीड वाजता मी ‘चिंता’ निवडलं. दुसरी ओळ नव्हती, मागाहून घातलीही नाही. रुग्ण जे बोलली ते मी ऐकलं आणि यादीत बसत नाही म्हणून सोडून दिलं. नंतरच्या नर्सनं मी लिहिलं त्याप्रमाणेच केलं.”

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला म्हणे. मोठ्या साहेबांनी विचारलं, “मग दोष यादीचा म्हणायचा का?” टोचणी म्हणाली, “यादी चांगली आहे सर. मी यादीला शरण गेले. बाईचे शब्द लिहायला एक रकाना ठेवा, एवढंच म्हणणं आहे.” साहेब म्हणाले, “बघू.” ‘बघू’ला कितवा नंबर आहे यादीत?

सहा महिने प्रसूतीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. लसीकरणाच्या टेबलावर बसायचं. मग पुन्हा परीक्षा, मग बघू. बारा वर्षांनी परीक्षा! नवीला काही नाही.

निघताना कंडक्टरणीला भेटून आली. अजून बोलताना दम लागतो तिला. टोचणीनं तिलाही सगळं सांगितलं — मी चिंता लिहिलं होतं म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी सांगितलं होतं ताई तुम्हाला.”

बस्स. माफ केलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. टोचणी मुलीला हातात घ्यायला गेली तर म्हणाली, “आज नको.”

हे सांगताना टोचणी रडली. मी पाठीवरून हात फिरवला. चहा दिला नाही.

मग तोंड धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “माझा खुलासा झाला, आजी. आता तुझा.”

२२ फेब्रुवारी, रविवार

काल दोनदा आली, चहा पिऊन गेली. आज आली, चहा पिऊन गेली. मी हवापाण्यावर बोलले. तिच्या गुडघ्यांवर बोलले. टोचणी आतल्या खोलीतून खोकत होती. खोकला नाही तिला!

माझी पाचावर धारण बसलीय. या वयात मला आणखी काय होणार? काढून काढून मला कुठून काढतील? पण दुपारी दोनला दार वाजलं नाही तर मी काय करू?

२३ फेब्रुवारी, सोमवार

उद्या मीच जाणार तिच्याकडे. दोनच्या आधी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. सगळं, गाठींसकट.

दोनदा ऐकताना हलली नाही. मग चष्मा काढला, पुसला नाही, तसाच मांडीवर ठेवला. म्हणाली, “मी दोनला सगळ्या खाटा पाहिल्या होत्या. चौथीला काही नव्हतं. मग डॉक्टर आले आणि फडकं होतं. इतकी वर्षं मला वाटलं, ते तिथंच होतं आणि मला दिसलं नाही.”

मला वाटलं होतं, तिला ठाऊक आहे.

“नव्हतं ना?” तिनं विचारलं.

म्हटलं, “नव्हतं.”

पुन्हा विचारलं नाही तिनं.